हलकं हवं, पण किती?

एमजीबी ही गाडी पळवायला हलकी आणि लावायला जड. मोकळ्या रस्त्यावर, एकामागून एक वळणं घेताना तिचं स्टिअरिंग बोटांच्या इशाऱ्यावर चालतं. त्याच गाडीला दोन गाड्यांमधल्या फटीत रिव्हर्समध्ये घालायची वेळ आली, की मनगटं, दंड, खांदे असे सगळेच कामाला लागतात. १९६०च्या दशकात ही गाडी घेणाऱ्या तरण्याबांड इंग्रजाला यात काही वावगं वाटत नसे. आज या गाड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यातल्या अनेकांनी साठी केव्हाच ओलांडली आहे. गाडीचा पत्रा बदलता येतो, रंग नवा देता येतो, इंजिन उघडून पुन्हा बांधता येतं. खांद्याच्या सांध्याचं तसं नसतं.

या अडचणीतून एक छोटासा, पण चांगला चालणारा धंदा उभा राहिला आहे. जुन्या स्पोर्ट्स कारच्या स्टिअरिंग कॉलमवर, डॅशबोर्डच्या आत, दिसणार नाही अशी विजेची मोटर बसवायची. म्हणजेच इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, ईपीएस. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये केवळ हेच काम करणाऱ्या कंपन्या आहेत. जॅग्वार ई-टाइप, ऑस्टिन-हीली ३०००, ट्रायम्फ आणि अर्थातच एमजीबी या त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या. काही मालकांना ही सोय म्हणजे गाडीला मिळालेलं नवं आयुष्य वाटतं. काहींना ती भेसळ वाटते. हलकं स्टिअरिंग हवं तर सरळ आजची हॅचबॅक घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र त्यांचा वाद मोटर असावी की नसावी यावर अडतो, आणि गाडीचं भलंबुरं ठरतं ते मोटर किती काम करते यावर.

जडपणा येतो कुठून

सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली आखलेली एमजीबी १९६२ साली बाजारात आली. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९८०च्या ऑक्टोबरपर्यंत ती बाहेर पडत राहिली. एकूण संख्या पाच लाखांवर गेली आणि त्यातल्या बहुसंख्य गाड्या अमेरिकेला गेल्या. ही श्रीमंतांची मिरवायची गाडी नव्हती, पगारदाराला झेपेल अशी स्पोर्ट्स कार होती. १७९८ सीसीचं इंजिन, सुरुवातीला ९५ हॉर्सपॉवर, आणि रॅक अँड पिनियन प्रकारचं साधं, थेट स्टिअरिंग.

हा थेटपणाच तिच्या जडपणाचं पहिलं कारण. एका टोकाच्या फुल कटपासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे तीन फेरेही पूर्ण होत नाहीत. फेरे कमी म्हणजे गाडी चपळ. पण फेऱ्यांत जे वाचतं ते जोरात मोजावं लागतं. दुसरं कारण कॅस्टर. पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस एमजीबीत सुमारे सात अंश मागे झुकलेला आहे. त्यामुळे वळणानंतर हात सैल सोडला की स्टिअरिंग आपोआप सरळ होतं आणि वेगात गाडी सुतासारखी सरळ धावते. ही शिस्त फुकट मिळत नाही. वळताना दर वेळी त्या झुकावाविरुद्ध जोर लावावा लागतो.

कारखान्याला हे माहीत होतं. म्हणून सुरुवातीच्या गाड्यांना साडेसोळा इंच व्यासाचं भलंमोठं स्टिअरिंग व्हील दिलेलं होतं आणि टायर ५.६०-१४ मापाचे, जुन्या क्रॉसप्लाय जातीचे, अरुंद होते. पुढे मालकांनी आपापल्या हौसेने दोन्ही बदललं. रुंद १८५/७० रेडियल टायर आले. देखणं, लाकडी किंवा चामड्याचं चौदा इंची व्हील आलं. साधा त्रैराशिकाचा हिशोब मांडला तरी साडेसोळाचं चौदा केल्याने हाताला सुमारे १८ टक्के जास्त जोर लावावा लागतो. रुंद टायरची घासण त्याहून वेगळी. थोडक्यात, आजचा मालक ज्या जडपणाची तक्रार करतो, त्यातला बराचसा ॲबिंग्डनहून आलेलाच नाही.

पुढे कारखान्यानेही या दुखण्यावर आणखी एक उपाय वापरला, तो म्हणजे गिअरिंग बदलणं. १९६७ साली याच बॉडीत तीन लिटरचं सहा सिलिंडरचं वजनदार इंजिन बसवून एमजीसी काढली, तेव्हा तिचं स्टिअरिंग मुद्दाम मंद ठेवावं लागलं. १९७७ मध्ये एमजीबीलाही लहान व्हील दिलं आणि त्यासोबत फेरे साडेतीनवर नेले. हात जास्त फिरवा, जोर कमी लावा. मोटर नसेल तर हलकेपणाची किंमत अशी कशात तरी मोजावीच लागते.

यात एक गोष्ट मात्र ड्रायव्हरच्या हातात असते. उभ्या गाडीत टायर जागच्या जागी रस्त्यावर घासला जातो. चाक जरासं गडगडायला लागलं की तो जोर झटकन उतरतो. मुंबईत काळीपिवळी पद्मिनी चालवलेल्या कोणत्याही टॅक्सीवाल्याला हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तोवर गाडी आधी इंचभर हलवायची आणि मगच स्टिअरिंग फिरवायचं ही रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

आधी तपासणी

यामुळे जाणता मेकॅनिक मोटरचा विषय निघाला की आधी जॅक काढतो. पुढची चाकं जमिनीवरून उचलली की स्टिअरिंग कसं फिरतं ते पाहायचं. चाकं हवेत असतानाही ते अडखळत, जड फिरत असेल तर दोष टायरमध्ये नाही, आत कुठेतरी आहे. एमजीबीच्या पुढच्या चाकांना किंगपिन आहेत आणि त्यांना नियमित ग्रीस द्यावंच लागतं. निपलला ग्रीसगन लावायचा कंटाळा केला की किंगपिन कोरडे पडतात, झिजतात, आवळतात. कॉलमचा बुश कोरडा असतो, कॉलम आणि रॅक एका रेषेत नसतात, कोणीतरी रॅक गरजेपेक्षा घट्ट बांधलेला असतो. टायरमध्ये हवा कमी, हे तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण.

काही जण कॅस्टरचा कोन कमी करून घेतात. क्रॉसमेंबरखाली पाचरी घातल्या की आस थोडा उभा होतो आणि स्टिअरिंग खरोखर हलकं होतं. त्याची किंमत म्हणजे वळणानंतर आपोआप सरळ होण्याची ओढ कमी होते. ही अदलाबदल कोणाला पटते, कोणाला नाही. पण ती निदान दिसते तरी.

मोटरचं तसं नाही. मोटर दोष बरा करत नाही, झाकते. कोरडा किंगपिन मोटरच्या जोरावर गुपचूप वळत राहतो आणि मालकाला गाडी ठणठणीत वाटते. कॉलमवर बसवलेल्या मोटरचा सगळा जोर खालच्या जॉइंटमधून, पिनियनमधून आणि रॅकमधूनच चाकापर्यंत पोहोचतो. पूर्वी या साठ वर्षांच्या भागांवर माणसाच्या दंडाइतकाच भार येत असे. आता चाक फुटपाथला टेकलेलं असताना कोणी फुल कट मारला, तर दंडाच्या जोडीला मोटरही दाबते. ऑस्टिन-हीली ३००० सारख्या गाडीत रॅकऐवजी कॅम आणि पेगचा जुना गिअरबॉक्स असतो आणि त्यात झिजेचा प्ले असणं नवलाचं नाही. तो प्ले न काढता मोटर बसवली, तर स्टिअरिंग हलकं होईल आणि ढिलंही राहील. यातलं पहिलं सुख दुसऱ्या दुखण्याकडे दुर्लक्ष करायला लावतं.

तेलाकडून विजेकडे

पॉवर स्टिअरिंगची कल्पना एमजीबीपेक्षा खूप जुनी. अमेरिकेतल्या पियर्स-ॲरो कंपनीत काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२०च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारी योजना बांधून दाखवली. मंदीच्या काळात मोटार कंपन्यांना तिचा खर्च परवडला नाही. दुसऱ्या महायुद्धात जड चिलखती गाड्या वळवायला ती उपयोगी पडली आणि १९५१ साली क्रायसलरने इम्पीरियल या गाडीत ती गिऱ्हाइकापर्यंत आणली. जॅग्वारने ई-टाइपच्या १९७१ सालच्या बारा सिलिंडरच्या मालिकेत पॉवर स्टिअरिंग सरसकट दिलं, तेही तेलावरचंच.

एमजीबीला हाच इलाज करायचा तर इंजिनच्या पट्ट्यावर पंप हवा, तेलाची टाकी हवी, दाबाचे होज हवेत आणि रॅकही नवा हवा. शिवाय स्टिअरिंग सरळ असलं तरी पंप फिरतच राहतो आणि इंजिनची ताकद खात राहतो. ९५ हॉर्सपॉवरच्या गाडीला ही उधळपट्टी जाणवते. होज आज ना उद्या गळतात ते वेगळंच.

कोडं सोडवलं ते अगदी दुसऱ्या टोकाच्या गाडीने. १९८८ साली सुझुकीने सर्वो या चिमुकल्या जपानी गाडीत विजेवरचं पॉवर स्टिअरिंग दिलं. छोट्या गाडीच्या बॉनेटखाली पंप आणि होज मावण्याइतकी जागा नव्हती, म्हणून मोटर गाडीच्या आत, स्टिअरिंग कॉलमवर चढली. दोनच वर्षांत होंडाने एनएसएक्स या स्पोर्ट्स कारमध्येही विजेचं स्टिअरिंग आणलं, पण तिची मोटर रॅकवर होती. जुन्या गाड्यांच्या कामी आली ती कॉलमवरची मोटर. पंप नाही, तेल नाही, इंजिनला हात लावायचा नाही. कॉलम काढायचा आणि मोटरसकट दुसरा बसवायचा. युरोपात ओपेल कोर्सा आणि तिचीच ब्रिटिश बहीण व्हॉक्सहॉल कोर्सा लाखोंनी खपली, लाखोंनी भंगारात गेली आणि तिचा मोटरवाला कॉलम जुन्या गाड्यांच्या हौशी मेकॅनिकांचा लाडका झाला. चार मीटरच्या आतली छोटी गाडी स्वस्तात वळवण्यासाठी केलेली तडजोड दंतकथा झालेल्या स्पोर्ट्स कारच्या पोटात जाऊन बसली.

डॅशबोर्डच्या खाली

काम ऐकायला सोपं आहे. जुना कॉलम उतरवायचा, त्याच लांबीचा मोटरसह कॉलम चढवायचा, वरचं मूळ व्हील, इंडिकेटरची दांडी आणि किल्लीचं कुलूप जसंच्या तसं परत लावायचं. तयार किटमध्ये हे बरंचसं आयतं मिळतं. भंगारातल्या कॉलममधून घरी बनवायचं तर सगळी जबाबदारी बनवणाऱ्यावर.

खरी परीक्षा तीन ठिकाणी असते. पहिली, जोड. दोन वेगळ्या गाड्यांचे शाफ्ट जोडताना वेल्डिंग करावं लागलं, तर उष्णतेने जोडाभोवतीच्या पोलादाचा गुण बदलतो. वरून सुबक दिसणारी वेल्ड बाजूलाच ठिसूळ असू शकते. म्हणून स्लीव्ह घालून, योग्य पद्धतीने आणि तपासून केलेला जोड हवा, नाहीतर खाचा कापलेला नवा शाफ्टच बरा. दुसरी, ब्रॅकेट. मोटर शाफ्ट एका दिशेला फिरवते तेव्हा तिचं घर उलट्या दिशेला फिरू पाहतं. पूर्वी कॉलमच्या ब्रॅकेटला फक्त कॉलम धरून ठेवायचा होता. आता त्याला हा उलटा जोरही पेलायचा असतो. तो लेचापेचा असला तर प्रत्येक वळणाला आख्खा कॉलम अंग चोरतो. तिसरी, अपघात. अमेरिकेने १९६८ पासून धक्का बसल्यावर दुमडणारा, ड्रायव्हरच्या छातीत न घुसणारा कॉलम सक्तीचा केला आणि तिकडे जाणाऱ्या गाड्यांना तो मिळाला. मूळ कॉलममध्ये हा गुण असेल तर नव्या कॉलमने तो हिरावता कामा नये. नसेल, तर खालचा शाफ्ट आत सरकणारा घेऊन तो मिळवण्याची ही चांगली संधी आहे.

चांगल्या कामाची आणखी एक ओळख म्हणजे ते परत उलटवता येतं. गाडीच्या बॉडीला नवं भोक पाडलेलं नाही, मूळ बोल्टच्या जागाच वापरल्या आहेत आणि काढलेला मूळ कॉलम तेल लावून, गुंडाळून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवलेला आहे.

विजेचा हिशोब

१९६२ ते १९६७ या काळातल्या एमजीबीमध्ये लुकास कंपनीचा डायनॅमो आहे आणि तो फार तर २२ अँपिअर देतो. स्टिअरिंगची मोटर उभ्या गाडीत फुल कट मारताना काही क्षणांसाठी तीस-चाळीस अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढते. एरवी, सरळ जाताना, ती जवळजवळ काहीच घेत नाही. म्हणजे रोजचा खर्च कमी आणि अधूनमधून एकदम मोठा. तो मोठा खर्च येतो तो नेमका गाडी लावताना, इंजिन मंद चालत असताना, आणि डायनॅमो मंद इंजिनावर चार्ज करत नाही. त्या वेळी हेडलाइट चालू, वायपर चालू आणि त्यात ही मोटर. सगळा भार बॅटरीवर. पुढच्या गाड्यांत अल्टरनेटर आले, ते मंद इंजिनावरही काहीतरी देतात. म्हणून डायनॅमोच्या गाडीला मोटर बसवायची तर आधी अल्टरनेटर बसवणं शहाणपणाचं.

दुसरी गोम अर्थिंगची. सुरुवातीच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं आहे. आजच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक डब्याची समजूत उलटी, ऋण टोक बॉडीला अशी असते. तसाच जोडला तर तो जोडताक्षणी जळेल. मग बॅटरी उलटी जोडायची, डायनॅमो ठेवायचाच असेल तर त्याचं चुंबकत्व नव्या दिशेला वळवून घ्यायचं, इंजिनचे फेरे दाखवणारं मीटर इलेक्ट्रॉनिक असेल तर तेही आतून बदलायचं. १९७४ पर्यंतच्या गाड्यांमध्ये सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, पत्र्याच्या खणात दडवलेल्या असतात. त्यांची टोकं गंजलेली असली की दिवे लागतात, गाडी सुरू होते आणि स्टिअरिंग मात्र ऐन वळणात क्षणभर जड होतं. मोटरला जाडजूड स्वतंत्र वायर, तिच्यावर तिचाच फ्यूज आणि साफ अर्थ मिळाला नाही, तर पुढच्या कोणत्याही तक्रारीला अर्थ राहत नाही.

मोटर बंद पडली तर गाडी वळेनाशी होते का? नाही. व्हीलपासून चाकापर्यंत पोलादी शाफ्ट अखंड आहे. मोटर गेली की स्टिअरिंग पुन्हा जड होतं, बंद मोटरच्या अडथळ्यामुळे पूर्वीपेक्षा थोडं जास्तच. मोटर बंद पडण्यापेक्षा ती चुकीच्या वेळी चालणं जास्त धोक्याचं, आणि ते टाळण्याची जबाबदारी सेन्सरवर असते.

हाताला काय कळतं

कॉलमच्या आत एक बारीक दांडी असते. ड्रायव्हर जोर लावतो तशी ती किंचित पिळते. किती पिळली हे सेन्सर मोजतो, कंट्रोलर त्यावरून मोटरला वीज सोडतो आणि मोटर वर्म गिअरमधून शाफ्टला हातभार लावते. चांगल्या यंत्रणेत सेन्सरचे दोन स्वतंत्र मार्ग असतात आणि दोघांचं जुळलं नाही तर मदत बंद होते. हातभार नेमका किती, हा खरा प्रश्न.

मदत हवी गाडी लावताना. वेगात ती जवळजवळ नकोच. आजच्या गाडीला स्वतःचा वेग ठाऊक असतो, म्हणून ती हे आपोआप सांभाळते. एमजीबीचा स्पीडोमीटर मात्र गिअरबॉक्समधून आलेल्या फिरत्या केबलवर चालतो; त्याच्याकडून विजेचा एकही संकेत मिळत नाही. त्यावर दोन तोडगे निघाले. केबलमध्येच एक छोटा सेन्सर बसवायचा, किंवा उपग्रहाकडून जीपीएसने वेग घ्यायचा. बोगद्यात उपग्रह दिसत नाही. तेव्हा मदत किती राहील हे आधीच ठरलेलं असावं लागतं. तिसरी तऱ्हा सगळ्यात साधी आणि सगळ्यात धोक्याची. डॅशबोर्डखाली एक गोल बटण, उजवीकडे फिरवलं की हलकं, डावीकडे फिरवलं की जड. वेग कितीही असो, मदत तेवढीच.

हे बटण पूर्ण उजवीकडे फिरवण्याचा मोह दुकानासमोरच होतो. उभी गाडी एका बोटाने वळली की मालक खूश. नुकसान कळतं ते हायवेवर. टायर आणि रस्ता यांच्यात जे घडतं, त्याची खबर स्टिअरिंगमधून हातापर्यंत येत असते. वळणात टायर आपल्या पकडीच्या टोकाशी येऊ लागला की स्टिअरिंगला सरळ करणारी ओढ पकड सुटण्याच्या आधीच कमी व्हायला लागते. व्हील हातात किंचित सैल पडतं. जुना ड्रायव्हर त्या सैलपणावर पाय उचलतो. एमजीबीसारख्या गाडीत कुठला दिवा लागत नाही, कुठला कॉम्प्युटर सावध करत नाही. एवढी एकच सूचना असते. मोटरने सगळाच जोर आपल्या अंगावर घेतला तर ती सूचना वाटेतच विरते. त्यात मोटर गिअरमधून जोडलेली असल्याने तिचं स्वतःचं जडत्व गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढून हाताला जाणवतं. रस्त्याची बारीक थरथर त्या जडत्वात बुडते.

ही तक्रार केवळ जुन्या गाड्यांच्या भक्तांची नाही. २०११ साली पोर्शने ९११च्या ९९१ पिढीत तेलाचं स्टिअरिंग सोडून विजेचं घेतलं, तेव्हा जगभरच्या परीक्षकांनी याच एका मुद्द्यावरून कंपनीला धारेवर धरलं. पोर्शकडे ही यंत्रणा घासूनपुसून सुधारायला प्रयोगशाळा होती, वर्षं होती. गॅरेजमध्ये एमजीबीला मोटर लावणाऱ्याकडे एक बटण आहे.

मूळ म्हणजे काय

उरला प्रश्न अस्सलपणाचा. ब्रिटनमधल्या वाहननोंदणी खात्याने मूळ नोंदणी क्रमांक टिकवण्यासाठी वर्षानुवर्षं एक गुणपद्धत वापरली. चॅसी किंवा बॉडीला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, इंजिनला एक. क्रमांक राखायला आठ गुण पुरत. म्हणजे इंजिनपेक्षा स्टिअरिंगचा मान दुप्पट.

आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा स्वतंत्र नियम केला. गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार नसावा, अशी त्याची अट आहे. त्याशिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्या आधारे स्पष्ट केलं. पुण्या-मुंबईतल्या एखाद्याला आपल्या जुन्या गाडीत मोटर बसवायची असेल, तर मेकॅनिकच्या आधी आरटीओ आणि विमा कंपनी यांना विचारलेलं बरं.

कायदा बाजूला ठेवला तरी अस्सलपणाची कसोटी वाटते तितकी सरळ नाही. १९८८ पासून ब्रिटनमध्ये एमजीबीची आख्खी बॉडी नवी करकरीत मिळते, तीही मूळ कारखान्याच्या साच्यांमधून निघालेली. तिच्यावर बांधलेल्या गाडीला एमजीबी म्हणायला बहुतेकांची हरकत नसते. १८५ चे टायर चालतात, चौदा इंची व्हील तर हौसेचं लक्षण मानलं जातं. हे सगळं चालवून घेणाऱ्याने एका लपलेल्या, काढून ठेवता येणाऱ्या मोटरपाशीच शुद्धतेचा आग्रह धरावा, याला तर्काचा आधार नाही. दिसणारा बदल जुना झाला की खपतो आणि न दिसणारा नवा असला की खुपतो, एवढंच. चष्मा लागला म्हणून कोणी वाचणं सोडत नाही. नंबर मात्र बरोबर काढावा लागतो.

मोटरला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा तरीही शिल्लक राहतो आणि तो खरा आहे. स्पोर्ट्स कार जपायची म्हणजे तिचा पत्रा जपायचा की तिचं चालवणं? चालवणं जपायचं असेल, तर स्टिअरिंगमधून येणारी रस्त्याची खबर हा तिचा सगळ्यात मौल्यवान मूळ भाग ठरतो, आणि तो कुठल्याही प्रदर्शनात परीक्षकाच्या तक्त्यावर येत नाही. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीत तो नसतो. बटण पूर्ण उजवीकडे फिरवलेल्या गाडीतही तो नसतो. पत्नीला, मुलीला, सत्तरीतल्या मालकाला स्वतःला गाडी रस्त्यावर नेता यावी म्हणून मोटर बसवणं आणि ती बसवून गाडी मुकी करून ठेवणं, या दोन्हींच्या मधे फक्त त्या बटणाचा अर्धा फेरा असतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. टायर आणि त्यातली हवा, किंगपिन, बुश, अलाइनमेंट हे सगळं आधी ठीक करावं. तेवढ्याने भागलं तर मोटरचे पैसे वाचले. नाही भागलं तर मोटर खुशाल बसवावी, पण बटण शून्यावरून सुरू करून गाडी फटीत घालता येईल इतकंच वर न्यावं आणि तिथे थांबावं. मग ओळखीच्या वळणांच्या रस्त्यावर दोनदा जावं, एकदा मदत चालू ठेवून आणि एकदा निघण्याआधीच बंद करून. फरक फक्त गाडी लावताना कळला आणि वळणांवर अजिबात कळला नाही, तर काम नीट झालं. वळणांवरही कळला, तर बटण अजून मागे यायचं बाकी आहे.